शून्य एररचा डोंगर

स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात एक उभी भिंत होती. खालच्या अर्ध्या भागात, त्याच जागी, गवताळ उतार होता. दोन्ही चित्रं एकाच डोंगराची. वरचं ड्रोनच्या मोजणीतून आलेलं, खालचं मी काढलेलं.

सकाळचे साडेदहा वाजले होते. आमचे परेरा सर नेमके त्या वेळी त्या जागेवरून खाली उतरणार होते, माझा नकाशा हातात घेऊन.

मी दोन्ही चित्रं बंद करून पुन्हा उघडली. कॉम्प्युटर बिघडला असेल तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कॉम्प्युटर ठणठणीत होता.

आधी काम काय होतं ते सांगते. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या सर्व्हे कंपनीचा गाळा आहे. आठ माणसं, चार कॉम्प्युटर, एक ड्रोन. जमिनीची मोजणी फील्डवरची माणसं करतात आणि त्यातून नकाशा मी काढते. मी मूळची कराडकडची, लग्न होऊन विरारला आले आणि गेली सव्वीस वर्षं हेच करते. हे घडलं त्या वर्षी आम्हाला वन खात्याकडून तुंगारेश्वरच्या डोंगरावरचं जंगल आणि तिथल्या पायवाटा यांच्या नकाशाचं काम मिळालं होतं. वणवा लागला, कोणी हरवलं, कोणी जखमी झालं, तर गस्तीच्या लोकांनी कुठून चढायचं आणि कुठून उतरायचं, हे त्या नकाशावरून ठरणार होतं.

डोंगराचा नकाशा कंटूरचा असतो. कंटूर म्हणजे सारख्या उंचीची रेषा. पातेल्यात एक बटाटा ठेवा. थोडं थोडं पाणी ओतत जा, आणि दर वेळी पाण्याची कड बटाट्याला जिथे लागेल तिथे पेनाने गोल रेघ मारा. मग वरून बघा. रेघा लांब लांब दिसल्या तर उतार सोपा, जवळ जवळ दिसल्या तर चढ खडा. एवढंच आहे ते. आमच्या नकाशात दर पाच मीटर उंचीला एक रेघ होती.

आता बटाट्याची एक बाजू सुरीने सरळ उभी कापली तर? तिथे सगळ्या रेघा एकमेकींवर येतात. वरून बघताना त्या चिकटलेल्या दिसतात. डोंगरात असं दिसलं की समजायचं, कडा आहे.

पण सॉफ्टवेअरला हे पटत नाही. त्याच्या नियमाप्रमाणे दोन कंटूर एकमेकींना शिवल्या की ती चूक. शिवल्या तिथे ते लाल ठिपका लावतं. आणि आमच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं, नकाशा द्यायचा तो शून्य एरर दाखवून द्यायचा.

माझ्या तुंगारेश्वरवर चौदा लाल ठिपके होते.

'ही चूक नाही, अपवाद आहे' असं सॉफ्टवेअरला सांगायची सोय असते. पण प्रत्येक अपवादाला लेखी कारण, फोटो आणि ज्या खात्याचं काम आहे त्यांची मंजुरी लागते. चौदा अपवाद म्हणजे चौदा पत्रं. शुक्रवारी नकाशा द्यायचा होता आणि बुधवारची संध्याकाळ झाली होती. मी काय केलं? माउसने एकेक रेघ पकडली आणि जरा जरा बाजूला सरकवली. शिवत होत्या, आता शिवेनात. अर्ध्या तासात चौदाही ठिपके गेले. आमचे मालक देसाई साहेब खूश झाले आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मीही खूश झाले. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पायवाटांचं काम घेतलं. फील्डच्या माणसांनी जीपीएस घेऊन चालून त्या मोजल्या होत्या. एका जागी एक वाट वरून येत होती आणि मध्येच संपत होती. तिच्या बरोबर खाली, नकाशावर साठ मीटर सोडून, दुसरी वाट सुरू होत होती. दोन्ही एका सरळ रेषेत. दाट झाडीत जीपीएस कधी कधी मान टाकतं, तेवढा तुकडा मोजणीतून गळतो. इथेही तसंच झालं असणार, असं मी धरून चालले. मधल्या जागेचा उतार काढून पाहिला. बावीस डिग्री. पोरंसोरं उतरतील असा. मी ठिपक्या ठिपक्यांची रेघ मारून दोन्ही वाटा जोडल्या आणि वर लिहिलं, जोडवाट क्रमांक सात, उतार बावीस डिग्री.

तो बावीस डिग्रीचा उतार कुठून आला होता? मी सरकवलेल्या रेघांमधून. म्हणजे पेपर मीच काढला, मीच सोडवला आणि मीच तपासला.

खात्याने नकाशा बघितला, छान म्हटलं, आणि अट घातली की जोडवाटा कोणीतरी प्रत्यक्ष चालून तपासाव्यात. त्या कामाला परेरा सर निघाले होते.

परेरा सर भुईगावचे. वय चौसष्ट. मी नोकरीला लागले तेव्हा ते माझे सीनियर होते. पारदर्शक फिल्मवर शाईने रेघ कशी ओढायची, श्वास कधी रोखायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. निवृत्त झाल्यावर ते वाडीत केळी बघत बसले असते, पण देसाई साहेब अवघड काम आलं की त्यांनाच बोलावतात. गुडघा दुखतो, तरी येतात. बॅगेत कायम सुकेळी असतात, घरची, उन्हात वाळवलेली. त्या सकाळी सात वाजता त्यांचा मला फोन आला होता.

"सुजाता, सात नंबर आज करतो. वरून खाली येतो. दिनकरला काठी घेऊन खालच्या टोकाला उभा करतो."

"सर, जपून. गवत ओलं असेल."

"तुझा नकाशा आहे ना? मग मी डोळे मिटून उतरेन."

हे ते नेहमीच म्हणायचे. मी नेहमीच हसायचे.

साडेदहाला मी ते चित्र का उघडलं, तर देसाई साहेबांना प्रेझेंटेशनसाठी डोंगराचा छेद हवा होता. छेद म्हणजे केक कापल्यावर बाजूने दिसतो तसा डोंगर. तो मूळ मोजणीवरून जास्त सुबक निघतो म्हणून मी ड्रोनची मूळ फाइल उघडली, आणि जागा सहज म्हणून सात नंबरचीच निवडली. तिथे चोवीस मीटरची भिंत निघाली. आठ मजली इमारतीएवढी.

मी सरांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्यांच्याबरोबर गेलेल्या दिनकरला लावला. तोही बाहेर. पुन्हा सरांना. पुन्हा दिनकरला. शेवटी उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, सात नंबरला वाट नाहीये. कडा आहे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. रेघा सरकवल्या हेही सांगितलं.

"अहो मॅडम, पण त्यांना दिसेल ना समोर! चाळीस वर्षं डोंगरात काढलीत त्या माणसाने."

"साहेब, पाऊस संपून पंधरा दिवस झालेत. गवत डोक्याच्या वर आहे. कड्याची कड गवतात दिसत नाही. आणि ते शोधणारच नाहीत. माझा नकाशा म्हणतोय ना तिथे उतार आहे."

शेवटचं वाक्य बोलताना मला रडू फुटलं. साहेबांनी गाडीची किल्ली उचलली.

गाडीत बसून त्यांनी डोंगराच्या पायथ्याच्या चौकीला फोन केला. तिथल्या वनरक्षकाने सांगितलं, दोघं साडेसातला आत गेलेत, अजून कोणी परत आलेलं नाही. मी त्याला म्हटलं, दोर असेल तर काढून ठेवा. तो विचारायला लागला कशाला, मी म्हटलं, आलो की सांगते.

हायवेला लागलो तेवढ्यात माझा फोन वाजला. सर असतील म्हणून मी घाईने उचलला. सरांच्या बायकोचा, मोनिका आंटीचा होता.

"सुजाता, तुझे सर फोन नाय उचलत गं. जेवायला येणार का कळत नाय. पाचूबंदरवरून ताजे बोंबील आणलेत, त्यांच्यासाठी ठेवू का सगळे तळून टाकू?"

मी म्हटलं, "आंटी, वर रेंज नसते."

"बरं. तुला दिसले तर सांग, वेळेत या म्हणावं."

"सांगते."

मी फोन ठेवला आणि साहेबांना काच खाली करायला सांगितलं. साहेबांनी काच खाली केली. ते ज्या वेगाने गाडी चालवत होते, एरवी मी आरडाओरडा केला असता. त्या दिवशी तो वेगही कमी वाटत होता.

चौकीवर वनरक्षक तयार होता. खांद्यावर नायलॉनचा दोर, हातात काठी. बरोबर एक पन्नाशीची बाई. काशीबाई तिचं नाव. पायथ्याच्या पाड्यावर राहणारी, पावसाळा सरला की देवळाच्या रस्त्यावर काकड्या विकायला बसते. वनरक्षक म्हणाला, "हा डोंगर आमच्यापेक्षा हिला जास्त माहीत आहे."

मी टॅबवर नकाशा उघडून तिच्यापुढे धरला. तिने एकदा त्या रेघांकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मग मी टॅब बंद केला आणि तोंडाने सांगितलं. वरून एक वाट येते आणि थांबते. खालून एक वाट सुरू होते. मध्ये काय आहे?

"ती मोळीटाक," काशीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"आमी बाया वर सुकी लाकडां गोळा करतो. मोळी डोक्यावर घेऊन कोन उतरंल एवढा डोंगर? कड्यापरत नेतो आनि खाली टाकतो. मंग हात हलवत दुसऱ्या वाटंनं खाली येतो नि मोळी उचलून घरी जातो."

"म्हणजे वरच्या वाटेवरून खालच्या वाटेवर..."

"मोळी जाते. मानूस नाय जात."

मी तिथल्या कट्ट्यावर बसले. दोन वाटा होत्या, दोन्ही खऱ्या होत्या, जीपीएसने काहीही गाळलेलं नव्हतं. मधला तुकडा कोणी कधी चाललंच नव्हतं. तो लाकडांचा रस्ता होता. आणि मी एसीत बसून, उंटावरून शेळ्या हाकत, तिथून माणूस पाठवला होता.

काशीबाईने काकड्यांची पाटी शेजारणीकडे सरकवली. "चला, बसून काय होनार?"

आम्ही चढायला लागलो. मी पंचाहत्तर किलोची बाई, पायात ऑफिसची चप्पल. काशीबाई पुढे, अनवाणी. दहा मिनिटांत मला धाप लागली, पण थांबायची लाज वाटत होती. ओढ्याच्या पाण्याचा आवाज एवढा होता की हाका मारून उपयोग नव्हता, तरी साहेब दर थोड्या वेळाने "परेरा सर" म्हणून ओरडत होते. मी ओरडत नव्हते. उत्तर आलं नाही तर काय, ही भीती मला हाक मारू देत नव्हती.

निम्म्या वाटेवर समोरून दिनकर पळत आला. दिनकर आमचा जुना फील्डचा माणूस, सरांच्या बरोबरीने मोजणीची काठी धरणारा. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, खालून भिंत आहे! सरळ भिंत! सर वरून यायचे होते."

"सर कुठे आहेत?"

"माहीत नाही. मी खाली उभा होतो. दहा वाजता वरून दगड आले. दोन मोठे आणि मागून माती. मी खूप ओरडलो. मग काहीच नाही आलं."

"दुसरं काही... पडलं का?" साहेबांनी विचारलं. तो प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता आणि तो माझ्या तोंडून निघत नव्हता.

"नाही साहेब. मी सगळीकडे बघितलं. झुडपातसुद्धा बघितलं. मग रेंज शोधायला पळत सुटलो."

नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं काही झालं नाही. चोवीस मीटरच्या भिंतीला खाचा असतात, झाडं असतात. खाली काही पडलं नाही म्हणजे वर सगळं ठीक आहे असं होत नाही. हे मला कळत होतं, कारण मी त्या भिंतीचा छेद तासाभरापूर्वी बघितला होता.

वरच्या वाटेला लागेपर्यंत साडेबारा झाले. ती वाट बघून मी हादरले. अख्ख्या डोंगरात इतकी स्वच्छ वाट मी पाहिली नव्हती. वर्षानुवर्षं बायकांच्या पावलांनी मळलेली, रुंद, दोन्ही बाजूंना गवत आणि मध्ये लाल माती. कोणीही म्हणालं असतं, ही वाट नक्की गावात जाते. नकाशा नसता तरी फसायला होतं. नकाशा होता म्हणून तर संशयाला जागाच उरली नव्हती.

काशीबाईने हात आडवा केला. "आता कोनी पुढं नको."

समोर फक्त गवत होतं आणि गवताच्या वर आकाश. पाच-सहा पावलांवर वाट त्या गवतात शिरत होती. वाटेच्या कडेला सरांची निळी टोपी पडली होती. मी इतकं भ्यायले होते की त्या टोपीकडेही मला बघवेना.

मग शिट्टी ऐकू आली. मोजणीची माणसं एकमेकांना खूण करायला वापरतात तसली, बारीक, दम गेलेली.

"सर!" मी किंचाळले.

"ओरडू नकोस." आवाज गवताच्या पलीकडून, खालून आला. "माती सुटते."

वनरक्षक पोटावर झोपून पुढे सरकला आणि गवत बाजूला करून त्याने खाली पाहिलं. कड्याच्या कडेपासून सात-आठ फूट खाली तिरकी खाच होती, जेमतेम एका माणसापुरती. तिच्यात कारवीचं एक झुडूप होतं. सर पाठीवर पडलेले होते. डावी टाच त्या झुडपात रुतलेली, उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं. आणि पावलापासून दोन हातांवर पुढे काहीच नव्हतं. अडीच तास ते तसेच टाच रोवून पडले होते.

पुढचं सगळं काशीबाईने सांगितलं तसं केलं. दोराचा एक वेढा मागच्या ऐनाच्या झाडाला. दुसरं टोक वनरक्षकाच्या कमरेला. "उभा नको ऱ्हाऊस. बसून जा, ढुंगनावर." तो बसून उतरला. आम्ही चौघं दोर धरून. त्याने सरांच्या काखेतून दोर घेतला आणि आम्ही ओढायला लागलो. मध्ये एकदा माती सुटली. ती खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की देसाई साहेबांनी डोळे मिटून घेतले. माझ्या तळहातांची साल गेली होती, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सर वर आले. ओठ पांढरे, शर्ट फाटलेला, उजव्या घोट्याचा चेंडू झालेला. त्यांनी पाणी मागितलं, दोन घोट प्यायले आणि पहिलं काय विचारलं असेल?

"सुजाता, इथे बावीस डिग्री कोणी लिहिलंय?"

"मी, सर. मी रेघा सरकवल्या. एरर घालवायला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पाड्यावरून चार माणसं आली. बांबूला चादर बांधून डोली केली आणि सरांना खाली आणलं. ते खाली आल्यावर आंटीला फोन मीच केला. काय बोलले ते आठवत नाही. तिने एवढंच विचारलं, "बोलतायत ना?" मी म्हटलं, "बोलतायत." मग ती रडायला लागली.

घोट्यात दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट घातली. दोन दिवसांनी मी हॉस्पिटलमध्ये गेले. त्याआधी देसाई साहेबांनी मला बोलावून खात्याला द्यायच्या अहवालाचा कच्चा खर्डा दाखवला होता. त्यात कारण लिहिलं होतं, 'दाट झाडीमुळे जीपीएस सिग्नल खंडित'. साहेब वाईट माणूस नाही. कंपनी जगवायची, मला वाचवायचं, एवढाच हेतू. मी म्हटलं, साहेब, सिग्नल खंडित नव्हता. ते म्हणाले, "हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आणखी कोणाला सांगायची गरज आहे का?" मी म्हटलं, सरांना विचारते.

सर पलंगावर पाय उंच करून पडले होते. आंटी बाजूला सफरचंद कापत होती. ती माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं नव्हतं.

मी खर्डा सरांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला.

"रेघा सरकवायला तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला डोंगर चढतानाच पडला होता. उत्तरही तेव्हाच सापडलं होतं. म्हणूनच तो कोणी विचारू नये असं वाटत होतं.

"बोल ना."

"तुम्ही, सर."

आंटीचा हात थांबला.

सव्वीस वर्षांपूर्वी, फिल्मवर काम करताना, कड्याच्या जागी शाईच्या रेघा एकमेकींना लागल्या की छपाईत काळा डाग पडायचा. सरांनी माझा हात धरून दाखवलं होतं. केसभर सरकव, म्हणजे डाग नाही पडणार.

सर म्हणाले, "हो. मीच शिकवलं. आणि सरकवल्यावर तिथे काय काढायचं, ते कोणी शिकवलं?"

मला आठवलं. कड्याची खूण. बारीक दात असलेली, फणीसारखी रेघ. रेघा सरकव, पण लगेच तिथे फणी काढ, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की इथे कडा आहे, उतार नाही. तेही त्यांनी त्याच दिवशी, त्याच टेबलावर दाखवलं होतं.

"तेही तुम्हीच, सर."

"मग अर्धंच का लक्षात ठेवलंस?"

खरं कारण एवढंच की सॉफ्टवेअरने फणी मागितली नाही. त्याने फक्त लाल ठिपका घालवायला सांगितलं. जेवढं मागितलं तेवढं मी दिलं.

अहवालात मी माझं नाव घालून खरं लिहिलं. साहेबांनी वाचला, सुस्कारा टाकला आणि सही केली. सरांनी पलंगावरून स्वतःचा तपासणीचा कागद भरून दिला. तो मी जपून ठेवलाय. 'जोडवाट क्रमांक सात. अस्तित्वात नाही. कडा, उंची चोवीस मीटर. तपासणीची पद्धत: प्रत्यक्ष.'

मग मी चौदाही जागच्या रेघा पुन्हा होत्या तिथे नेल्या. चौदा लाल ठिपके परत आले. यावेळी मी काशीबाईला रोजावर घेतलं आणि प्रत्येक जागी बूट घालून स्वतः गेले. अकरा कडे निघाले. दोन जुन्या दगडखाणींच्या उभ्या कापलेल्या कडा निघाल्या. एका ठिकाणी मात्र माझीच रेघ खरोखर चुकली होती. काशीबाई प्रत्येक जागेचं नाव सांगत गेली आणि मी ते नकाशावर घालत गेले. तिथल्या बायकांना या सगळ्या जागा आधीपासून माहीत होत्या. आम्ही फक्त कधी विचारलं नव्हतं.

तेरा पत्रं, तेरा फोटो, तेरा फण्या घेऊन खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर बसले. त्यांनी आधी कॉम्प्युटरचा रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, करारात शून्य एरर आहे. इथे तेरा दिसतायत."

"एरर नाहीत, साहेब. कडे आहेत."

त्यांनी एकेक पत्र वाचलं. सात नंबरच्या पत्राशी जरा जास्त वेळ थांबले. मग विचारलं, "हे तपासणारे गृहस्थ आता कसे आहेत?" मी सांगितलं, काठी घेऊन चालतात, डोंगर सुटला. त्यांनी तेराही अपवाद मंजूर केले. काम तीन आठवडे उशिरा संपलं आणि दंड कंपनीने भरला. आंटी आता माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही.

या धंद्यात नव्याने येणारे मला विचारतात, नकाशा तपासायचा कसा? मी सांगते, एरर आले तर घाबरू नका, एकेक जागी जाऊन बघा. शून्य आलं तर मात्र घाबरा, आणि कोणालाही वर पाठवण्याआधी स्वतः जाऊन या.